चिमट्याला रंग

रंगाबद्दल आपल्या मनात मोठी गमतीची अढी असते. दिवाळी आली की घराला रंग द्यावासा वाटतो, बेंदराला बैलांची शिंगे रंगवल्याखेरीज आमच्याकडच्या शेतकऱ्याला चैन पडत नाही. आणि तरीही एखाद्याचे बोलणे पटले नाही की आपण चटकन म्हणतो, 'रंगवून सांगतोय झालं!' म्हणजे रंग हवा आहे, पण रंगावर विश्वास नाही. हे कोडे पूर्वीही मला पडत असे. त्याचे थोडेफार उत्तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सापडले, आणि तेही एका जुन्या सायकलीचा चिमटा रंगवताना.

चिमटा म्हणजे पुढचे चाक ज्या दोन पायांत धरलेले असते तो भाग. आमच्या आजोबांच्या काळ्या सायकलीचा चिमटा अगदी साधा होता. खाली किंचित पुढे वाकलेल्या दोन नळ्या, बस्स. रस्त्यातला प्रत्येक खड्डा तो इमानेइतबारे थेट मनगटापर्यंत पोचवीत असे. माझी सायकल जाड टायरची, डोंगरी जातीची. तिच्या चिमट्यात स्प्रिंगा आहेत. वरच्या दोन चकचकीत नळ्या खालच्या दोन जाड नळ्यांत सरकतात, खड्डा आला की दबतात आणि पुन्हा वर येतात. दुकानदार याला 'शॉकअप' म्हणतात.

या सायकलीचा जन्म अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही हौशी तरुण १९७० नंतरच्या वर्षांत जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेने भरधाव खाली सोडत. ऑक्टोबर १९७६ मध्ये फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे २ मैलांत १३०० फूट उतार! मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नवे भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले. त्या सायकलींना स्प्रिंगा नव्हत्या. मोटारसायकलींच्या शर्यतींत काम केलेल्या पॉल टर्नर याने स्टीव्ह सायमन्सबरोबर १९८९ मध्ये सरकत्या नळ्यांचा चिमटा बाजारात आणायला सुरुवात केली. तो जेमतेम २ इंच दबत असे. पण १९९० साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने तसल्याच चिमट्यावर जिंकली, आणि पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीला जागा मिळाली. कुठे तो कॅलिफोर्नियाचा डोंगर आणि कुठे आमच्या गावापासून कऱ्हाडपर्यंतचा सात किलोमीटरचा रस्ता! माझ्या सायकलीने डोंगर पाहिला तो आगाशिवाचा, आणि तोही पायथ्याकडून. मात्र खड्ड्यांची उणीव तिला कधी भासली नाही.

सायकल मी जुनी घेतली, अडीच हजारांना. आधीच्या मालकाला मोटारसायकल मिळाली होती, त्यामुळे ही दोन पावसाळे उघड्यावर उभी होती. सांगाडा ठीक होता. चिमट्याच्या खालच्या नळ्यांना मात्र पोपडे धरले होते. नखाने उचकटले की खाली तपकिरी गंज. नवा चिमटा घेण्याइतके पैसे नव्हते. गंज असाच राहिला तर पुढच्या पावसाळ्यात नळी खाल्ली जाणार होती. तेव्हा रंग देणे भागच होते.

आणि रंग ही आमच्या घरातली अवघड गोष्ट आहे.

माझे वडील, अण्णा, महामार्गालगतच्या एका गॅरेजात सव्वीस वर्षे ट्रकच्या बॉड्या रंगवत होते. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी वाचता येत नाही, पण ट्रकच्या पाठीमागे 'स्टॉप' आणि 'हॉर्न' ही अक्षरे ते छापल्यासारखी काढत. तीन वर्षांपूर्वी त्यांना दम लागू लागला. मोटारींसाठी दोन घटक मिसळून जे रंग करतात त्यांत आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांचा फवारा रोज श्वासावाटे जात राहिला की दमा जडू शकतो, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. काम सुटले. आता ते एका गोदामावर रात्रपाळीचे राखणदार आहेत. त्यांची स्प्रे गन आईने फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. तिच्याविषयी घरात कुणी बोलत नाही.

त्यामुळे मी रंगाचे नाव काढताच अण्णांच्या कपाळाला आठी पडली.

"तुला कॉलेजात घातला तो ह्या वासातनं सुटावास म्हणून. आन् तू पुन्हा थिनर हातात घेतूस?"

"अण्णा, एक चिमटा तर रंगवायचाय. गॅरेज नाही काढायचं मला."

ते काही बोलले नाहीत. मी अंगणात सायकल उलटी केली आणि पान्हे घेऊन बसलो. थोड्या वेळाने मागे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. वारा कुठून येतो ते पाहून, त्याच्या उलट्या अंगाला जात्याजवळ खुर्ची टाकून अण्णा बसले होते.

रंगकामाचे नाव घेतले की डोळ्यांपुढे फवारा येतो. प्रत्यक्षात आमच्या चार दिवसांतला पाऊण तास फवाऱ्याचा. बाकी सगळे खोलणे आणि घासणे. पहिला दिवस खोलण्यात गेला. चाक काढले, ब्रेक उतरवले, हँडलखालचे छर्रे एका वाटीत रॉकेलमध्ये टाकले. चिमट्याच्या तळाशी दोन बोल्ट असतात. ते एल-कीने सोडवले की खालच्या नळ्या वरच्या नळ्यांवरून अलगद निघून येतात. आत स्प्रिंग आणि काळे पडलेले ग्रीस.

"लोहचुंबक आण," अण्णा म्हणाले. आईच्या शिवणाच्या डब्यातला आणला. खालच्या नळीला तो चट्‌कन चिकटला. "लोखंड हाय. मग रेड ऑक्साइड चालंल. ॲल्युमिनियम असतं तर त्याला येगळा प्रायमर. खाली काय हाय ते बघितल्याबिगर वर काय लावायचं ते ठरत न्हाय."

दुसरा दिवस घासण्यात गेला. आधी ग्रीसचा अंश राहू नये म्हणून साबणाने धुतले. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पोपडे आणि गंज काढला, २२० ने त्याचे ओरखडे काढले. जिथे जुना रंग घट्ट होता तिथे तो खरवडून टाकायचा नाही. फक्त त्याची चकाकी मारायची आणि कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या उतरत्या करायच्या. गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागावर नवा रंग पकडत नाही, त्याला धरायला काहीतरी खरखरीत लागते. दर अर्ध्या तासाने मी विचारी, "आता पुरे का?" अण्णा डोळे मिटून नळीवरून बोटे फिरवीत आणि म्हणत, "हितं घास आजून." डोळे उघडे ठेवून मला दिसत नव्हते ते त्यांच्या बोटांना दिसत होते. दुपारी ते म्हणाले, "रंग काय, कुनी बी मारंल. घासायला मानूस लागतो."

तिसऱ्या दिवशी झाकायचे काम. आणि इथेच मला ती गोष्ट कळली, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

खालच्या नळ्यांची तोंडे कागद कोंबून बंद केली, रबरी कड्यांवर चिकटपट्टी लावली. वरच्या भागात दोन नळ्यांना जोडणारा आडवा खांदा असतो, तोही गंजला होता. तो रंगवायचा म्हणून त्याखालच्या चकचकीत नळ्यांना अण्णांनी वर्तमानपत्राचे तीन पदर गुंडाळायला लावले. मी म्हटले, "ह्या नळ्यांनाही काळा हात मारला तर सगळं एकसारखं दिसेल."

अण्णा प्रथमच हसले. "आरं, त्या सरकत्यात. जिथं हालतंय तिथं रंग न्हाय लावायचा."

कारण सोपे आहे. त्या नळ्यांवर क्रोमचा मुलामा असतो, आरशासारखा गुळगुळीत, आणि त्याला घासतच त्या रबरी कड्यातून आत-बाहेर होतात. त्यावर रंग बसला तर पाच-पन्नास खड्ड्यांत रबर तो खरवडते, त्याचे कण आत जातात आणि सगळे यंत्र अडखळू लागते. ब्रेक ज्या दोन खुंट्यांवर फिरतात त्यांनाही रंग नको. ब्रेक अडकून बसेल. चाकाचा आस जिथे नटाने आवळला जातो त्या चपट्या जागीही जाड रंग नको, कारण दाबाखाली रंग चेपतो आणि आवळलेला नट सैल पडतो. म्हणजे जिथे सरकायचे, फिरायचे किंवा घट्ट धरायचे आहे, त्या तिन्ही जागा उघड्याच राहिल्या पाहिजेत. बाकी सगळीकडे खुशाल रंग लावा. नव्हे, लावलाच पाहिजे, नाहीतर गंज येईल.

फवारणी मी केली. डबी हलवायची, नळीपासून वीतभर अंतर ठेवायचे, नळीच्या बाहेर फवारा सुरू करायचा आणि पलीकडे जाऊन थांबवायचा. पहिला हात धुक्यासारखा विरळ. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकाच हातात सगळे झाकायला गेले की ओघळ येतात. लाल प्रायमरचे दोन हात झाले, रात्रभर वाळल्यावर ४०० च्या वॉटर पेपरने पाणी लावून घासले, आणि चौथ्या दिवशी निळ्या रंगाचे तीन हात दिले. पावसाळ्यात हे जमले नसते, दमट हवेत असा रंग वाळताना पांढरट पडतो; दिवाळीची कोरडी हवा उत्तम.

फवाऱ्याआधी अण्णांनी खिशातून एक नवा कोरा मास्क काढून दिला. फवाऱ्याच्या कामाचा, दोन्ही बाजूंना गाळणी असलेला. तो विकत घ्यायला ते सकाळी रात्रपाळी संपवून तसेच बाजारात गेले होते. मी तो बांधेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "नाकाजवळ फट न्हाय ना बघ." मग जरा वेळाने, "आमाला कुनी सांगितलं नव्हतं." एवढे बोलून ते खुर्ची उचलून घरात गेले. खिडकीतून मात्र त्यांचा आवाज येत राहिला, "हळू... हात थांबवू नको... आता पुढं."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. इथे आल्यापासून माझ्यावरही बरेच हात चढले आहेत. 'हाय' चे 'आहे' झाले, 'न्हाय' चे 'नाही' झाले. अर्थशास्त्राच्या तासाला 'सीमांत उपयोगिता' म्हणताना आता जीभ अडखळत नाही. गावातली मंडळी याला 'शिकून रंग बदलला' म्हणतात, आणि वर्गातल्या काही मित्रांनाही आपण ढोंग करतो आहोत की काय अशी धास्ती वाटते, हे मला ठाऊक आहे. आम्ही कट्ट्यावर त्याविषयी बोललो आहोत. त्या सर्वांना मला सांगावेसे वाटते की रंग म्हणजे ढोंग नव्हे. नीट घासून, खालची जात ओळखून दिलेला रंग लोखंडाला वाचवतो. प्रमाण भाषा, पुस्तके, चार लोकांत उभे राहून बोलण्याची रीत ही आपल्याला हवीच. अडीच हजारांची का होईना, पण आपली सायकल गंजता कामा नये.

मात्र माणसातही काही सरकत्या जागा असतात. माझ्या आणि अण्णांच्या मध्ये जी भाषा आत-बाहेर होते, ती तशी जागा आहे. दिवसाचे सगळे खड्डे तिथेच दबतात आणि तिथेच परत वर येतात. त्या चार दिवसांत मी वर्गातल्या मराठीत अण्णांना काही विचारले असते तर त्यांनी "तुला ठावं" म्हणून विषय संपवला असता, याची मला खात्री आहे. तिथे नवा रंग नको. तो भाग फडक्याने पुसावा, थोडे ग्रीस लावावे आणि जसा आहे तसा उघडा राहू द्यावा.

रंग पक्का व्हायला आम्ही आणखी तीन दिवस थांबलो आणि मग सायकल जोडली. या आठ महिन्यांत तिने मला रोज कॉलेजला आणले आहे. डाव्या पायावर एका दगडाने टवका उडवला आणि खालचा लाल प्रायमर दिसू लागला. तिथे काडीच्या टोकाने निळा ठिपका दिला. टवके उडतातच, त्यांना वाढू द्यायचे नाही एवढेच.

एक गोष्ट मात्र ठरवून झाली नाही. माझी सायकल पाहून गल्लीतली दोन पोरे आपापल्या सायकली घेऊन आली. आता रविवारी सकाळी आमच्या अंगणात उलट्या केलेल्या सायकली असतात, पोरे पॉलिश पेपर घेऊन बसलेली असतात, आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाला खुर्ची टाकून अण्णा त्यांना शिकवीत असतात. स्प्रे गन माळ्यावरच आहे, तिला कुणी हात लावत नाही. पण रंगाविषयी आमच्या घरात आता मोकळेपणाने बोलतात.

(द्वितीय वर्ष, कला)