शंभराचा वेग

"सर, शंभर!" तो म्हणाला, आणि आमच्याकडे पाहू लागला.

आमचा हा जुना विद्यार्थी. बी.ए.ला मराठी घेऊन नंतर संगणकाच्या वाटेने गेलेला. पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर त्याने दोन आसनांची, जमिनीला जवळजवळ टेकलेली, लालभडक स्पोर्ट्स कार घेतली आणि पहिल्या रविवारी आम्हांला लोणावळ्यास नेण्याचे ठरवले. गाडीत शिरणे हा विहिरीत उतरण्यासारखाच प्रकार होता. पण ते असो. द्रुतगती मार्गावर कायद्याने मोटारींना शंभरची मर्यादा आहे आणि स्वारी कायदा पाळणारी. टोलनाका ओलांडल्यावर तिने एकदाच गाडीला मोकळे सोडले. पाठ आसनात रुतली, पोटात खड्डा पडला. चार-पाच सेकंदांत सारे संपले. मग केवळ शांतता. खिडकीबाहेर डोंगर आपल्या जागी आणि आम्ही आमच्या.

"कसं वाटतंय, सर?"

"ठीक आहे," आम्ही म्हणालो. त्याचा चेहरा उतरला.

तो उतरलेला चेहरा आम्ही पूर्वीही एकदा पाहिला होता. पदवीच्या शेवटच्या वर्षी त्याने कवितांची वही आणून दिली होती, आणि तेव्हाही आम्ही हेच दोन शब्द उच्चारले होते. त्यानंतर वही पुन्हा आली नाही. म्हणूनच या वेळी आमच्या उत्तराची आम्हांलाच चौकशी करावीशी वाटली.

वेग माणसाला कळतच नाही, ही पहिली गोष्ट. गॅलिलिओने १६३२ सालच्या आपल्या संवादग्रंथात जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण घेऊन हे दाखवले आहे: जहाज एकाच गतीने संथ पाण्यावरून जात असेल तर आतल्या माणसाला ते चालले आहे की उभे आहे हे सांगता येणार नाही. शरीराला कळतो तो वेगातला बदल, म्हणजे शालेय पुस्तकातले त्वरण. आपल्या कानाच्या आतल्या भागात चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात. गती बदलली की ते मागे-पुढे सरकतात आणि मेंदूला वर्दी देतात. चार सेकंदांत शून्यावरून शंभरवर जाणारी गाडी आपल्याला स्वतःच्या वजनाच्या सुमारे सात-दशांश इतक्या जोराने मागून रेटते. हा रेटा खराच थोर. पण तो चारच सेकंद टिकतो. पुढे उरलेला तासभर त्या खड्यांना काही काम नाही. शिवाय तेवढ्याच शक्तीच्या इंजिनाचा रेटा वेग दुप्पट झाला की निम्म्यावर येतो, आणि हवेचा विरोध मात्र चौपट होतो. त्यामुळे साठपर्यंत जी गाडी उधळते ती पुढे शहाण्यासारखी वागू लागते.

आमच्या मामांची प्रीमियर पद्मिनी होती. १०८९ सीसीचे इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, चक्राच्या दांड्याला लावलेला गिअर. बोरघाट उतरताना ती साठावर आली की मामी डोळे मिटून रामरक्षा सुरू करीत. दारे खडखडत, काचेच्या फटीतून वारा शिट्टी घाली, प्रत्येक गिअरला गाडी एकदा अडखळून पुन्हा धक्का देई. म्हणजे वेगाच्या साऱ्या खुणा हजर. वेगच तेवढा कमी. या नव्या गाडीत नेमके उलट. दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स गिअर असा बदलतो की रेट्यात खंड पडत नाही, आणि खंड नाही म्हणून नवा धक्काही नाही. शंभरला इंजिन वरच्या गिअरमध्ये पेंगत असते. जाड काचा आणि अस्तरे आवाज बाहेरच ठेवतात. अभियंत्यांनी इतकी वर्षे खपून जे जे दोष म्हणून काढून टाकले, त्यांनाच आपण वेग समजत होतो! त्यांनाही हे उमगले असावे. २०११ सालच्या बीएमडब्ल्यू एम५मध्ये इंजिनाचा आवाज ध्वनिवर्धकांतून आतल्या माणसांना ऐकवण्याची सोय करण्यात आली होती. उलट १९८९ साली आलेली माझ्दाची छोटी उघडी एमएक्स-५, जेमतेम टनभर वजनाची आणि १६०० सीसीची, आकड्यांत कुणाला हरवणारी नव्हती, तरी वेगाची मौज तिच्यात लोकांना भरभरून मिळाली.

डोळ्यांची तऱ्हा वेगळीच. वेग त्यांना जवळच्या वस्तूंवरून समजतो. खाली बसल्यावर रस्ता अंगावर धावून येतो, हे स्पोर्ट्स कारच्या बाजूचे. पण रुंद मार्गावर कडेचे झाड दूर, डोंगर त्याहून दूर, आणि शेजारची मोटार आपल्याच गतीची. त्यातून डोळे सरावतात. अर्धा तास शंभर पाहिले की शंभर म्हणजे काहीच नाही.

हा सराव किती घातक, ते लोणावळ्याच्या फाट्यावर कळले. महामार्ग सोडताना त्याने वेग कमी केला. आम्हांला वाटले, आता तीसवर आलो. चालत गेलो तरी चालेल. त्यालाही तसेच वाटले असावे. वळणापलीकडे एक बाई डोक्यावर मोळी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. तो ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. पट्टा आमच्या छातीत रुतला. बाईंनी वळून पाहिले आणि त्या चालू लागल्या. ब्रेक लागण्याआधी समोरचा आकडा आम्ही पाहिला होता: बासष्ट.

ब्रिटनमध्ये महामार्गावरून गोल चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर याच भ्रमावर उतारा म्हणून आडवे पिवळे पट्टे रंगवतात. त्यांच्यातले अंतर कमी कमी होत जाते, त्यामुळे वेग पुरेसा कमी न करणाऱ्यास तो वाढतोच आहे असे वाटून पाय आपोआप ब्रेककडे जातो. एका भ्रमाला दुसऱ्या भ्रमाने मारण्याची ही युक्ती आम्हांला फार आवडली.

चहा घेताना तो फारसा बोलला नाही. हात थोडे थरथरत होते, त्याचे आणि आमचेही. थोड्या वेळाने आम्ही त्याला वहीविषयी विचारले. "आहे कुठंतरी," तो म्हणाला.

परतताना आम्ही जुन्या रस्त्याने जायचे सुचवले. कार्ला, कामशेत, वडगाव. काचा खाली. एका ट्रकमागे पंचेचाळीसने जाताना फांद्या कानाजवळून सपकन जात होत्या, धूर नाकात, खड्डा आला की मणके मोजता येत. आम्ही दाराची मूठ घट्ट धरली.

"सर, हळू घेऊ का?" त्याने विचारले.