धारप माझ्या कपाटात नव्हते

नांदेडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी २८ वर्षं ग्रंथपाल होते. या २८ वर्षांत, जवळजवळ शेवटपर्यंत, भुताखेताचं एकही पुस्तक मी विकत घेऊ दिलं नाही. खरेदीची यादी समितीपुढे जायची, पण ती तयार करायची मी. विक्रेत्याच्या सूचीत भयकथाकार नारायण धारपांचं नाव आलं की पेन्सिलीनं त्यावर आडवी रेघ ओढायची आणि पुढं सरकायची. आज ती रेघ चुकीची होती असं मला वाटतं. का वाटतं, ते सांगायला बसले आहे.

रेघ ओढताना माझ्याकडे कारणं होती आणि ती खोटी नव्हती. पहिलं कारण या गावाचं. विचारवंत नरहर कुरुंदकर इथल्या पीपल्स कॉलेजात शिकवत. १९८२ साली ते गेले, पण प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीवर घासून घ्यायची त्यांची सवय इथल्या वाचणाऱ्या घरांत मुरलेली होती. मी स्वतः अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांना जायचे. एकीकडे बायकांना भानामती नसते म्हणून सांगायचं आणि दुसरीकडे त्यांच्या हातात चेटकिणीची कादंबरी द्यायची, हे मला पटत नव्हतं.

दुसरं कारण माझ्या घरचं. माझं माहेर औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून गाव उशिरा झोपलेलं. आमच्याकडची घरं माळवदाची. हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारं ते घर त्या रात्री माणसांवर बसलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची, लातूरला होते. सकाळी गावात पोचले ते दृश्य मी इथं लिहिणार नाही. पुढच्या वर्षी लग्न होऊन नांदेडला आले, ग्रंथालयात रुजू झाले, आणि मनात एक गोष्ट पक्की धरून बसले की ज्यांनी खरी भीती पाहिली नाही, त्यांनाच पुस्तकातल्या भीतीची हौस.

ग्रंथालयात एक सिस्टर यायच्या. सरकारी दवाखान्यात रात्रपाळी करायच्या, सकाळी ड्युटी सुटली की घरी जाता जाता पुस्तक बदलून न्यायच्या. दर वेळी विचारायच्या, "मॅडम, धारपांचं काही आलं का?" मी म्हणायचे, "आलं की सांगते." येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, कारण न आणणारी मीच होते. त्याऐवजी मी त्यांच्या हातात मला चांगलं वाटणारं काहीतरी द्यायचे. त्या घेऊन जायच्या आणि न वाचता परत आणायच्या. वर्षभरानं यायच्या थांबल्या. एक वाचक कमी झाला, एवढीच मी तेव्हा त्याची नोंद घेतली.

मार्च २०२० मध्ये आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला आली. सोबत भाचा होता. तो लातूरला नीटची तयारी करत होता. क्लासेस बंद झाले म्हणून आजीला घेऊन आला आणि टाळेबंदी लागून दोघंही आमच्याकडे अडकले. जिल्ह्याच्या हद्दी बंद, ग्रंथालय बंद. आईच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. ती अंगणात पत्र्याच्या शेडखाली खाट टाकून पडायची. भूकंपानंतर ती कधीच पक्क्या छताखाली झोपली नाही. आम्हीही तिला आग्रह करायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

भाच्याची पुस्तकं होस्टेलवर राहिलेली, हातात फक्त फोन आणि एक वही. एका रात्री उशिरापर्यंत त्याच्या तोंडावर उजेड दिसला म्हणून मी बाहेर गेले.

"काय वाचायलास रे?"

"आत्या, 'लुचाई'. धारपांचं."

'तुंबाड' हा २०१८ चा चित्रपट पाहून तो धारपांकडे वळला होता. त्या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे हे त्यानं कुठंतरी वाचलं आणि मूळ लेखक शोधत गेला. मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे. तो म्हणाला, "असू दे की. ते गाव तर आपलंच वाटतंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रूपांतरावर नाक मुरडायचं ठरवलं तर मराठी कादंबरीच्या पहिल्या पन्नास वर्षांतली किती पुस्तकं उरतील? आणि अद्भुताला हलकं म्हणायचं तर १८६१ च्या 'मुक्तामाले'चं काय, १८६८ च्या 'मंजुघोषे'चं काय? मराठी कादंबरी अद्भुताचं बोट धरूनच चालायला शिकली. हे मी परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं, पण माझ्या कपाटाला ते कधी लावून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला फिजिक्सच्या वहीचं शेवटचं पान दाखवलं. त्यावर तीन रकाने होते. पुस्तकाचं नाव, नेहमीची किंमत, आजची किंमत. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आली. ती फोनवरच्या ॲपमध्येही वाचता येतात, वेगळं यंत्र घ्यावं लागत नाही. ई-बुकची किंमत स्थिर नसते, आज दीडशे असलेलं पुस्तक एखाद्या दिवशी साठला मिळतं. हा पोरगा विशलिस्ट करून ठेवायचा आणि किंमत उतरली की घ्यायचा. आधी फुकटचं सॅम्पल वाचायचं, दुसऱ्या प्रकरणाची ओढ लागली तरच पुस्तक वहीत उतरवायचं. वर्गणीची योजना घ्यायची तर सुट्टीतल्या एकाच महिन्याची, आणि त्या महिन्यात काय काय वाचायचं याची यादी आधी तयार. होस्टेल आणि मेसचे पैसे भरताना बापाची काय ओढाताण होते हे त्याला ठाऊक होतं. म्हणून पाच-दहा रुपयांचाही हिशोब.

मी त्याला माझ्या कामातलं सांगितलं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-बुकवर मात्र आधी १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये, ज्यांची छापील आवृत्ती आहे अशा ई-बुकांवर तो ५ टक्क्यांवर आला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. म्हणून १९२८ साली गेलेले नाथमाधव कुणीही मोफत वाचू शकतं. धारप गेले २००८ साली, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६८ संपेपर्यंत आहे. याचा अर्थ ग्रुपवर फिरणारी त्यांची स्कॅन केलेली पीडीएफ ही स्वस्ताई नव्हे, चोरी. तो गप्प झाला. मग म्हणाला, "'ग्रहण' मी तसंच वाचलं, आत्या. नंतर पैसे साठवून विकत घेतलं." त्यानं वही उघडून ती ओळ दाखवली. पुढे टिकमार्क होता. ई-साहित्य प्रतिष्ठान २००८ पासून लेखकांच्या संमतीनं मराठी पुस्तकं मोफत देतं, हेही मी सांगितलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. धारपांच्या बऱ्याच पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या आपल्या मराठवाड्यातल्याच, छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनानं काढल्यात, हे मात्र त्याला माझ्या आधी माहीत होतं.

मे महिन्यात गूढकथाकार रत्नाकर मतकरी कोरोनानं गेल्याची बातमी आली. भाच्यानं विचारलं, "आत्या, तुमच्या ग्रंथालयात त्यांचं 'खेकडा' हाय का?" नव्हतं. "का नाही?" या प्रश्नाला मी अनुदान, कपाटांची अडचण, मागणी नसणं असं काहीबाही सांगितलं. मागणी नव्हती हे सांगताना त्या सिस्टरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी आत निघून गेले.

त्या आठवड्यात त्यानं मतकरींच्या गूढकथांचं एक ई-बुक घेतलं आणि संध्याकाळी आजीला वाचून दाखवायला लागला. मी भाजी निवडत ऐकत होते. मतकरींच्या कथेत भूत क्वचितच दिसतं. रोजचं घर, रोजची माणसं, आणि त्यात एखादीच गोष्ट जागची हललेली. कथा संपल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "याला ठावं हाय. भ्या आवाजाच्या आधी येतंय."

आणि ती त्या रात्रीबद्दल बोलायला लागली. २७ वर्षांत पहिल्यांदा. आवाज आला तो जमिनीखालून आगगाडी गेल्यासारखा, पण त्याच्या आधी एक क्षण सगळं गप्प झालं होतं, ते गप्प होणं तिला जास्त आठवत होतं. तोंडात माती होती. "मी बोलायले, आन् आवाज मातीतच जायलाय." शेजारच्या घरातून कुणीतरी हाका मारत होतं. किती वेळ, ते तिला सांगता येईना. मग त्या हाका थांबल्या. "थांबल्या तवा मला बरं वाटलं," ती म्हणाली. "ते कुणाला सांगू?"

भाच्याच्या हातातला फोन केव्हाच विझला होता. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

आईला एवढी वर्षं आम्ही धीर दिला, देवदर्शनाला नेलं, विषय निघू दिला नाही. यातलं काहीही त्या हाकांपर्यंत पोचलं नाही. एका बनवलेल्या गोष्टीनं ती तिथवर गेली, कारण गोष्टीतल्या भीतीला काठ असतो. कुणीतरी ती विचार करून मांडलेली असते, ती मोठ्यानं वाचता येते, आणि एका पानावर ती संपते. त्या काठावर उभं राहून आईला स्वतःच्या भीतीत वाकून पाहता आलं.

अंधश्रद्धेबद्दलचा माझा दुसरा घोळही त्या उन्हाळ्यातच सुटला. भूकंपानंतर आमच्या गावात एक मांत्रिक आला होता. आधी गप्प राहायचा, मग एखादं नाव अर्धवट उच्चारायचा, मग अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघायचा. मीही धारप वाचायला घेतले तेव्हा मला कळलं की भयकथा लिहिणाराही अगदी हेच करतो. पण लेखक पहिल्या पानापासून सांगतो की ही गोष्ट आहे, शेवटी पुस्तक मिटतो आणि आपल्याला घरी जाऊ देतो. मांत्रिक ती गोष्ट मिटूच देत नाही, तिच्यावर पैसे मागतो, कोंबडं मागतो, पोरीला उपाशी ठेवायला सांगतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्याच्यासाठी आहे आणि तो मला आजही तितकाच गरजेचा वाटतो. पण भीती कशी बांधतात हे ज्या पोरानं पन्नास कथांतून पाहिलं, त्याला मांत्रिकाची बांधणी लगेच ओळखू येते. शिबिरात मी जे भाषणानं करू पाहत होते, ते काम मी पेन्सिलीनं खोडत होते.

अशा नाकारण्याची एक जुनी गोष्ट आहे. गोदावरीच्या वरच्या अंगाला आमचं पैठण. 'कथासरित्सागरा'त तिथल्या सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याची हकिकत येते. त्यानं रानात राहून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, पण पिशाचांच्या भाषेत. राजानं ती हलकी म्हणून नाकारली. गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला आणि रानातली जनावरं चरणं सोडून भोवती ऐकत उभी राहिली. राजाला हे कळून तो धावत आला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. ही गोष्ट मी कितीदा तरी वाचली होती आणि दर वेळी मला गुणाढ्याची कीव आली. मी राजाच्या बाजूला बसले आहे, हे मात्र कधी ध्यानात आलं नाही.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत ती पत्र्याखालीच झोपली, पण त्या उन्हाळ्यानंतर शेजारच्या घरातल्या माणसांची नावं घेऊन बोलायची. निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या यादीत मी धारपांची नऊ आणि मतकरींची सहा पुस्तकं घातली. समितीत कुणीही हरकत घेतली नाही. हरकत एवढी वर्षं फक्त माझीच होती.

रात्रपाळीत माणसं मरताना पाहून सकाळी धारप मागणारी बाई काय मागत होती, हे आता मला कळतं. त्या सध्या कुठं असतील मला माहीत नाही. पण मी त्यांना शब्द दिला होता, तो इथं पाळते.

सिस्टर, धारपांची पुस्तकं आली आहेत.