ओलीवरचं जेवण

आदिमानव खायचा ते खा, धान्य-डाळी टाळा, असं सांगणारी पुस्तकं हल्ली पुण्यामुंबईत सहज मिळतात. पण कुठल्या पूर्वजाचं ऐकायचं? चेन्नईजवळच्या अत्तिरमपाक्कमला सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली आहेत. ती घडवणाऱ्याने आपल्या रोजच्या खाण्याची यादी काही लिहून ठेवलेली नाही.

मला जवळचे पूर्वज भेटले ते कुंभकोणमला, एका देशस्थ घरी केळीच्या पानावर. व्यंकोजीराजांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतलं. त्यांच्या मागोमाग देशावरची कुटुंबं इकडे आली आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखातली माणसं कावेरीकाठी भातखाऊ झाली. इंदूर-बडोद्याचे दिवाण टी. माधवराव अशाच घरात, याच गावात १८२८ साली जन्मले. पानावर भाकरीचा मागमूस नव्हता. मेतकूट मात्र होतं, आणि ताकातली डांगर पचडी. आपल्या उडदाच्या डांगराची ही सख्खी बहीण. धान्य बदललं, तोंडीलावणं टिकलं.

हा उडीद येतो कुठून, ते शेतात पाहण्यासारखं आहे. भाताची कापणी आठवडाभरावर आली की उभ्या पिकातच, ओल्या मातीवर, उडीद-मूग फोकतात. भात निघून जातो आणि मागची ओल, वरचं दव यांवर डाळ वाढते. वेगळं पाणी नाही, नांगरट नाही. उलट मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं. इथे इडलीबरोबर मूगडाळीचा कडप्पा खातात. त्यातला बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पूर्वजांच्या कुठल्याच हिशेबात न बसणारा. चवीचं त्यामुळे काही बिघडत नाही.

याच गावात सारंगपाणी देवळाच्या रस्त्यावर गणिती रामानुजन वाढले. १९१४ साली ते केंब्रिजला गेले. शाकाहार सोडला नाही, स्वतः रांधून खात. त्यात महायुद्ध लागलं, जिन्नस मिळेनासे झाले. १९१७मध्ये ते आजारी पडले आणि १९२०मध्ये, बत्तिसाव्या वर्षी गेले. आजार नेमका कोणता यावर आजही वाद आहे, म्हणून दोष जेवणाला देणार नाही. पण घरचा आहार बोटीतून नेताना त्यामागचं ऊन, ताजी भाजी आणि वाढणारी आई मागे राहते, एवढं तर दिसतंच.

कष्टही मागे राहतात. माझ्या पानावर येऊ घातलेला भाताचा डोंगर दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्यासाठी होता. मी खुर्चीत बसून पोट भरणारा. म्हणून भात थोडाच घेतला, डांगर मागून घेतलं. त्या घरच्या आजी वाढता वाढता थांबल्या, त्यांना ते फारसं पटलं नाही.

आमच्या सोलापूरकडे रब्बीची मालदांडी ज्वारी अशीच पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर येते. थंडीत पाऊस नसला तरी काळ्या जमिनीतल्या पाण्यावर कणीस भरतं. कावेरीचा उडीद आणि भीमेची ज्वारी एकाच शहाणपणाची, आणि आदिमानवाच्या नावाने खपणाऱ्या कुठल्याही पथ्यापेक्षा मला ते जास्त पटतं. आता तिथे उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस डोलतो, आणि लग्नाच्या जेवणात भाकरीसाठी वेगळं टेबल मांडतात, ‘स्पेशल’ अशी पाटी लावून.