भाड्याने घर हवे : सोबत एक कुत्रा

कुत्रा पाळण्यास परवानगी मागावी लागते, हे आपल्या वाडवडिलांना कोणी सांगितले असते तर ते हसले असते. वसईच्या वाडीत घर, विहीर, ओटा आणि कुत्रा ही चारही एकत्रच असायची. कुत्रा ओट्यावर, मांजर चुलीपाशी, कोंबड्या परसात. ज्याची त्याची जागा ठरलेली. घर आपले, वाडी आपली. मग विचारायचे कोणाला?

ते दिवस पालटले. कित्येक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. लग्न झालेली मुले भाड्याच्या सदनिकांत राहू लागली. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारती आता पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत आणि स्वतःच्या घरात म्हातारी झालेली माणसे दोन-तीन वर्षांसाठी भाडेकरू बनत आहेत. अशी कुटुंबे धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात. ‘फादर, तुमच्या ओळखीत एखादी जागा आहे का?’ असे विचारतात. भाडे, डिपॉझिट, पाण्याची वेळ, चर्चपासूनचे अंतर हे सारे बोलून होते. मग उठता उठता, आवाज थोडा खाली आणून ती म्हणतात, ‘आणि फादर, आमचा एक कुत्रा आहे.’

त्या एका वाक्याने किती दारे मिटतात, हे आम्ही पाहिले आहे. सत्तरी ओलांडलेल्या एका विधवा भगिनीची इमारत पाडायची ठरली. मुलगा परदेशात, घरात त्या आणि पतीने मरणाआधी आणलेला एक गावठी कुत्रा. भाड्याचे पैसे बिल्डर देणार होता, त्यामुळे पैशांची अडचण नव्हती. तरीही सात घरांतून नकार आला. एजंटने सल्ला दिला, ‘मावशी, त्याला मासळीबाजारात सोडा, तिथे उपाशी मरणार नाही.’ त्या आमच्यापुढे बसून शांतपणे म्हणाल्या, ‘फादर, घरात मला हाक मारणारे कोणी उरलेले नाही. निदान दार उघडल्यावर उठून येणारा तरी राहू द्या.’

यावर घरमालकांना बोल लावणे सोपे आहे. परंतु त्यांचीही बाजू आम्ही ऐकली आहे. दाराच्या लाकडावर ओरखडे पडतात, भिंतींना वास लागतो, मालक कामावर गेला की एकटा कुत्रा दिवसभर भुंकतो, जिन्यात एखादे मूल घाबरते आणि सोसायटीचा सेक्रेटरी मात्र घरमालकालाच फोन करतो. आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या सदनिकेविषयी वाटणारी ही काळजी खोटी नाही.

कायदा काय म्हणतो, हेही पाहावे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा. या मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी तिला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट केले आहे. त्याचबरोबर लसीकरण करावे, बाहेर नेताना साखळी असावी, घाण झाल्यास स्वतः स्वच्छ करावी, असे प्राणी पाळणाऱ्यांनाही सांगितले आहे. परंतु भाडेकरूचे दुखणे इथे संपत नाही. सोसायटीला बंदी घालता येत नसली, तरी घरमालक स्वतःच्या करारनाम्यात ‘प्राणी नको’ अशी अट घालू शकतो. म्हणजे कायदा जिन्यापर्यंत सोबत करतो. उंबरठ्यावर निर्णय उरतो तो माणसाच्या मनाचा.

या मनाविषयीच आम्हाला बोलायचे आहे. मुंबई आणि उपनगरांत घर शोधणाऱ्या आपल्या तरुणांना काय ऐकावे लागते? ‘नॉनव्हेज चालणार नाही’, ‘अविवाहित नकोत’, ‘तुम्ही कोणत्या समाजाचे?’ मासळीच्या वासाचे निमित्त करून आपल्या किती मुलांना दारातूनच परतावे लागले, हे घरोघरी ठाऊक आहे. त्या नकाराचा अपमान आपण विसरलेलो नाही. तो नकार आपल्या वागणुकीवरून नव्हता, तो आपण कोण आहोत हे ऐकताच आला होता. आणि आज जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या दोन-तीन सदनिका भाड्याने देणारी बरीच कुटुंबे आपल्याच धर्मग्रामांत आहेत. माणूस कसा आहे, प्राणी कसा सांभाळला आहे हे न पाहता ‘कुत्रा’ हा शब्द ऐकताच फोन ठेवणारे आपणच असू, तर तोच नकार आपण पुढे चालवतो. ज्याने नकार चाखला आहे त्याने तो देताना तरी थोडे थांबावे.

पवित्र शास्त्रातील टोबीतच्या ग्रंथात तोबिया लांबच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्यासोबत देवदूत राफाएल असतो आणि घरचा कुत्राही असतो. त्या कुत्र्याच्या हातून काही पराक्रम घडत नाही. तो केवळ बरोबर चालतो आणि परतताना पुन्हा मागोमाग दिसतो. घर सोडून निघालेल्या माणसाला सोबत लागते, एवढे त्या दोन ओझरत्या उल्लेखांवरून कळते.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाची शिकवण संतुलित आहे. प्राणी ही देवाची निर्मिती असून त्यांना विनाकारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो सांगतो. संत फ्रान्सिस असिसीकर आणि संत फिलिप नेरी यांच्या कोमलतेचे स्मरण देतो. त्याचबरोबर केवळ माणसांना द्यावयाचे प्रेम प्राण्यांकडे वळवू नये, दुःखितांच्या वाट्याचा पैसा त्यांच्यावर उधळू नये, असा इशाराही देतो. ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात साऱ्या सृष्टीची काळजी वाहणाऱ्या दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीच जानेवारी २०२२ मध्ये, मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांना खडे बोल सुनावले होते. कुत्रा हा लेकराच्या जागी नाही. परंतु लेकरे दूर गेलेल्या घरात तो सोबती आहे, हेही तितकेच खरे.

तेव्हा दोन्ही बाजूंना आमचे काही सांगणे आहे. घर शोधणाऱ्यांनी कुत्रा लपवू नये. लपवून आणलेला प्राणी पहिल्याच रात्री भुंकून खरे सांगतो आणि मग विश्वास आणि घर दोन्ही जातात. लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. रेबीजची लस दरवर्षी द्यावी. शक्यतो तळमजला पाहावा. कुत्रा घरमालकाला प्रत्यक्ष दाखवावा. नुकसानीची भरपाई डिपॉझिटमधून कापून घ्यावी, असे आपण होऊन लिहून द्यावे. घरमालकांनी ‘नाही’ म्हणण्याआधी अटी सांगाव्यात आणि त्या करारातच घालाव्यात. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करणे आवश्यकच आहे. मग त्यात दोन ओळी अधिक लिहिण्यास काय हरकत?

वर सांगितलेल्या भगिनीला अखेर आपल्याच धर्मग्रामातील एका जोडप्याने वाडीतली खालची खोली दिली. अटी तीन : रात्री कुत्रा आत, अंगणाची सफाई मावशींकडे, नुकसान झाल्यास भरपाई. नवे घर मिळाल्यावर त्या निघाल्या तेव्हा दाराच्या रंगाचे पैसे कापून घेतले गेले आणि उरलेली रक्कम त्याच दिवशी परत मिळाली. कोणी कोणावर उपकार केला नाही. व्यवहार स्वच्छ झाला आणि माणुसकीही राहिली.

असे घर ज्यांना मिळत नाही, त्यांची कुत्री रिकाम्या इमारतींच्या फाटकाशी बसलेली दिसतात. पाळलेल्या प्राण्याला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु त्या गुन्ह्यामागे पुष्कळदा एक रडणारे कुटुंब आणि सात बंद दारे असतात. आठवे दार आपले असेल, तर वाचकहो, ते लावून घेण्यापूर्वी एवढेच विचारावे : ‘कुत्रा कसा आहे? उद्या संध्याकाळी घेऊन या, पाहू.’