पानी की पाणी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू कालेजात जातीस, आमच्या धाकट्याला जरा वाचायला शिकीव की." धाकटा दुसरीत. त्याने लगेच पुस्तक आणून एक धडा घडाघडा म्हणून दाखवला. मला मोठे कौतुक वाटले. पण बोट पहिल्याच ओळीवर आणि तोंड मात्र पानाच्या तळाशी! धडा त्याला पाठ होता. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवले, की गाडी थांबे.

आम्ही पुन्हा 'ग म भ न'पासून आरंभ केला. वळणाला सोपी म्हणून ही अक्षरे आपण आधी गिरवतो. पण एवढ्या चार अक्षरांत मग, मन, नग, नभ असे शब्दही दडलेले असतात. काना दिला की मामा, नाग, भाग, मान! तरी त्याला अक्षरे सुटी येत, जोडता येत नसत. 'घ' आणि 'र' पुरते म्हटले तर कानाला 'घर' ऐकू येत नाही. बोलताना शेवटच्या 'र'मधला 'अ' आपण गिळून टाकतो. मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मलाही हे तोवर जाणवले नव्हते. ऱ्हस्व वेलांटीचीही तीच गत. ती डोळ्यांना आधी दिसते, आवाज मात्र मागून येतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले. पाने, शिंपले, बिया हेच त्यांचे साहित्य. ते वाचलेले आठवले आणि मी ओट्यावर चिंचोके मांडले. एका अक्षराला एक चिंचोका. आधी सावकाश म्हणायचे, मग चिंचोके सरकवीत भरभर. चिंचोक्याला चिंचोका भिडला, की शब्द झाला! पाचव्या दिवशी तो "घर!" म्हणून ओरडला आणि माझ्याकडे न पाहता आपल्या घराकडे पाहू लागला.

पुढे एकदा 'पाणी' शब्द आला. त्याने चिंचोके सरकवले आणि म्हणाला, "पानी."

"पानी नव्हे रे, पाणी!" म्हणत मी हसले. ओट्यावरची पोरेही हसली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. पहिल्या वर्षी वर्गात उतारा वाचताना मी 'आनि' म्हटले होते, तेव्हा बाके अशीच हसली होती. नंतर वर्षभर मी शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसले. तेच हसू आता माझ्या तोंडी आले होते! आणि त्या पोराचे चुकले तरी काय? त्याने अक्षरे ओळखली, जोडली, अर्थापाशी पोचला आणि घरच्या बोलीत तो शब्द उच्चारला. वाचणे आणखी काय असते?

सकाळीच मी काकूंकडे गेले. म्हणाले, "काकू, वाईच पानी द्या." दाराआडून दोन डोळे डोकावले.

"घरात पानी, पुस्तकात पाणी. दोन्ही आपलीच," मी त्याला म्हटले. "पुस्तकातल्याला जीभ जरा वर वळवायची, बस्स."

संध्याकाळी तो आपले चिंचोके घेऊन ओट्यावर हजर! 'पाणी'पाशी थांबला, जीभ वळवली, नीट वाचले. घरी जाऊन आईकडे त्याने पानीच मागितले असेल.

यंदा वर्गात कोणी वाचायला उभे राहा म्हटले, की हात वर करावा म्हणते.