कागद तुम्हाला दिला होता

परवा कपाट आवरताना वाळूजच्या जुन्या कंपनीचं माझं ओळखपत्र सापडलं आणि त्याच्याबरोबर एक नकोशी आठवणही. वीसेक वर्षं झाली, आपलं शहर तेव्हा औरंगाबाद होतं. मी टाइम ऑफिसला होतो. हजेरी, रजा, पीएफचे फॉर्म, ईएसआयचे कागद... सगळं माझ्याच टेबलावर.

आमच्याकडचे एक ऑपरेटर, माझ्याहून वयाने मोठे, टीबीची औषधं घेत होते. 'कामावर जायला हरकत नाही' असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्यांनी मला आणून दिलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि चहाला गेलो. बस्स, एवढंच! कुणीतरी वाचलं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांच्या बाकावर कुणीच डबा उघडला नाही.

चार दिवसांनी ते माझ्यापाशी आले. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, कागद तुम्हाला दिला होता. अख्ख्या शॉपला नाही."

मला काही बोलता आलं नाही.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ सालच्या एका निकालाबद्दल वाचलं. एका सरकारी महामंडळातल्या रोजंदारी कामगाराला तपासणीत एचआयव्ही निघाला आणि काम बंद झालं. कामगार काम करायला सक्षम असेल, इतरांना धोका नसेल, तर नुसत्या एचआयव्हीमुळे त्याला कामावरून काढता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्या खटल्यात त्याचं नाव कुठेच नाही, नुसतं 'एमएक्स'. न्यायालयाने त्याचं नाव झाकलं. मला तर फक्त ड्रॉवर लावायचा होता!

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं अशी माहिती सांभाळणं आस्थापनांना बंधनकारक केलं. मग २०२३ मध्ये सगळ्याच वैयक्तिक माहितीसाठी डिजिटल कायदा आला. त्यात नोकरीच्या कामापुरती माहिती वापरायला मालकाला वेगळी संमती लागत नाही. पण ती सांभाळायची मालकानेच, आणि गरज संपली, दुसरा कुठला कायदा ठेवायला सांगत नसेल, तर पुसूनही टाकायची. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत! नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या जबाबदाऱ्यांच्या तयारीसाठी तिथून अठरा महिन्यांची मुदत दिली.

गंमत म्हणजे हा कायदा डिजिटल माहितीपुरताच आहे. कागद स्कॅन होऊन कॉम्प्युटरात गेला तरच लागू. म्हणजे माझी ती चूक यात बसलीच नसती. पण कायद्यात बसत नाही म्हणून ती चूक नव्हती असं थोडंच आहे?

आता टेबलाची जागा मोबाईलने घेतली आहे. माझा भाचा शेंद्र्याला नोकरीला आहे. मागच्या महिन्यात आजारी पडला तर म्हणतो, "मामा, सरांनी रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकायला सांगितलाय." ग्रुपमध्ये साठ जण! मी म्हटलं, थांब. सरांना एकट्यांना पाठव, आणि नम्रपणे सांग की ग्रुपवर नको. त्याने तसं केलं. सरही "बरं" म्हणाले. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही कुठे आलं होतं?

ते ऑपरेटर बरे झाले, पुढे रिटायरही झाले. माझ्याशी शेवटपर्यंत नीट बोलायचे. पण नंतरचा प्रत्येक कागद त्यांनी घडी घालून, थेट माझ्या हातात दिला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवेपर्यंत ते तिथेच उभे राहायचे.

असो.