स्वस्तातला लॉज

गया स्टेशनपासून बुद्धगया सुमारे १३ किलोमीटर. महाबोधी विहार २००२ साली जागतिक वारसा यादीत गेला. पण गरीब यात्रेकरूला रात्री पाठ टेकायला धड जागा मिळत नाही. आम्ही पाच कुटुंबे स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरलो. चादरी मळक्या, संडास तुंबलेला, मुलांना डासांनी फोडून काढले. 'चोवीस तास गरम पाणी' म्हणणाऱ्या मालकाने सकाळी बादलीमागे वेगळे पैसे मागितले. वर्षभर भिशीत पै-पै साठवून आलेल्या आमच्या आयाबाया गप्प झाल्या. आम्ही पक्की पावती मागितली, तेव्हा कुठे बादलीचे पैसे सुटले. बंधू-भगिनींनो, आधी खोली, नळ, संडास पाहा, एकाच रात्रीचे भाडे द्या, पावती घ्या. बुद्धगयेत देशोदेशीचे विहार आहेत, त्यांतल्या काहींत उतरण्याची सोय होते. घरून निघण्यापूर्वीच चौकशी करा. पैसा कष्टाचा आहे.